अर्धी फेरी

मी एक जुना दगड आहे. बागेतल्या पायवाटेच्या कडेला कंबरभर उंचीचा उभा असतो. माझ्या छातीवर दोनच शब्द कोरले आहेत, ‘अर्धी फेरी’. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मी बरीच वर्षं खोटं बोलत होतो.

जन्माचा खोटारडा नव्हे हो! शंभर वर्षांपूर्वी ही बाग आखली, तेव्हा पाथरवटाने मला घडवलं आणि वाट दोरीने मोजून बरोबर मध्यावर, दिव्याच्या खांबाशेजारी रोवलं. केवढा मान होता मला! पळत येणारी मुलं मला हात लावून दम खात. पुढे वाटेवर फरशी घालायची ठरली आणि मला उपटून पाण्याच्या टाकीमागे टाकलं. दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. काम संपल्यावर कुणीतरी म्हणालं, “खांबाजवळ होता, खांबाजवळ लावा.” आता खांब सगळे सारखेच! मला रोवलं ते तिसरा हिस्सा वाट झाली तिथेच. लोक मात्र खूश. “इतक्यात अर्धी झाली?” म्हणायचे.

मग गेल्या वर्षी दोघी बहिणी येऊ लागल्या. थोरली कपडे शिवायची. आजारपणात तिचा उजवा पाय लुळा पडला होता, काठी टेकत यायची. धाकटी तिचा दंड धरून चालायची आणि पावलापावलाला घाबरायची. घरातलं पायमशीन कुणाला तरी देऊन टाकावं, असं धाकटीचं म्हणणं. थोरलीने अट घातली होती, “मी पूर्ण फेरी चालले, तर मशीन राहील.”

माझ्यापर्यंत पोचायलाच तिला दोन महिने लागले. एके सकाळी ती आली, घामाने डबडबलेली.

“ताई, बास झालं. परत फिरू या.”

थोरलीने माझ्या डोक्यावर हात टेकला. “अगं, अर्धी झाली. परत गेलं काय नि पुढे गेलं काय, सारखंच!”

सारखं कुठलं? मागे जेवढं, त्याच्या दुप्पट पुढे!

“ताई, पण...”

“वाच की! दगड काय खोटं बोलेल?”

आणि त्या वळणाआड गेल्या. फेरी जिथे सुरू होते नि संपते, ते फाटक माझ्या जागेवरून हिरवळीपलीकडे दिसायचं. मी तिकडे डोळे लावून बसलो. माळीदादांची नळी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात. त्या काही दिसेनात. बाई पडली असेल तर? माझ्यामुळे? इतकं वाईट मला टाकीमागेसुद्धा वाटलं नव्हतं.

शेवटी फाटकाशी त्या दिसल्या. धाकटीला धाप लागली होती. थोरलीने काठी उंच धरली, अगदी माझ्या दिशेने. मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं.

पुढच्या आठवड्यात माळीदादा टेप घेऊन वाट मोजत आले. बहिणीही तिथेच होत्या. ते थोरलीला म्हणाले, “ताई, हा दगड चुकून इथे लागलाय. इथे तिसराच हिस्सा होतो.”

“अगं बाई! म्हणजे त्या दिवशी तू...” धाकटी ताईकडे वळली.

थोरली खुदकन हसली. “चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली मी. नुसत्या नजरेनं बाही सांगते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तू पुढे येऊ दिलं असतंस?”

धाकटीने ताईचा हात घट्ट धरून ठेवला.

आता मी माझ्या खऱ्या जागी आहे. थोरली रोज येते, मला थोपटते आणि म्हणते, “काय रे, सुधारलास का?” मशीन घरातच आहे. परवा तिच्या बोटाला दोरा चिकटलेला होता.

मित्रांनो, माझ्या अंगावर खिळ्याने नावं कोरू नका, अक्षरांत चिखल भरू नका. आणि तुमच्या घरचं कुणी हळूहळू चालत माझ्यापर्यंत आलं, तर ‘परत फिरू या’ म्हणायची घाई करू नका. त्यांचा दंड धरा आणि थोडं पुढे चला.