ओला जवळा

यमुनाने बाल्कनीचं दार खांद्याने ढकललं. दुसऱ्या धक्क्याला ते उघडलं आणि बिजागरीतला गंज तिच्या नव्या साडीवर सांडला. तो झटकण्याआधीच वास आला.

खाली हॉटेलचा पोहण्याचा तलाव होता. त्यात पाण्याचा थेंब नव्हता. निळ्या फरशीवर या काठापासून त्या काठापर्यंत जवळा सुकत घातला होता. बोटाच्या पेराहून लहान, गुलाबी, अजून ओला.

"आई, हे काय?" हिना मागे येऊन उभी राहिली. "ते लोक इथे बसून चहा घेणार?"

"थांब, मी बघते."

हा तलाव यमुनाने लहानपणी कुंपणाच्या तारेतून पाहिला होता. नरपडहून आईबरोबर डहाणूच्या बाजाराला जायची वाट 'सागरमहाल'च्या मागून होती. परतताना तलावाभोवती रंगीत दिवे लागलेले असत, मुंबईचे सिनेमावाले उतरलेले असत, आणि पहारेकरी पाटीवाल्या बायकांना लांबून जायला सांगे. आई निमूटपणे वाळूतून चालायची. यमुना मान वळवून वळवून पाहायची. म्हणून हिनाला पाहायला मुंबईची मंडळी येणार असं ठरलं, तेव्हा तिने हट्टाने इथल्याच दोन खोल्या घ्यायला लावल्या. तलासरीच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांना बसवायचं तरी कुठे? तिचा नवरा सूर्यकांत तिथल्या कचेरीत अव्वल कारकून होता. "आता त्या हॉटेलात काही राहिलं नाही," असं त्याने सांगून पाहिलं. पण तिने ऐकलं नाही.

मंडळी जातीतलीच, पण दोन पिढ्या मुंबईत मुरलेली. मुलगा इंजिनिअर, वडील बँकेत. तिच्या माहेरची चौकशी झाली तेव्हा यमुनाने 'नरपडला आमच्या चिकूच्या वाड्या आहेत' असं सांगून टाकलं होतं. आई, शांती, अजून डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाते, हे सांगायला जीभ रेटली नव्हती. आजच्या बैठकीचं तिने आईला कळवलंही नव्हतं.

काउंटरवर मॅनेजर दर्शनभाई रेडिओला चापट्या मारत बसले होते.

"तलावात जवळा कोणी घातला?"

"पंप जळून चार वर्षं झाली, बेन. रिकाम्या तलावाचं काय करू, त्यात लोळू? इथल्या बायांना दिला वापरायला. फरशीवर रेती लागत नाही ना, माल एकदम फर्स्ट क्लास."

"आमचे पाहुणे येतायत. उचलायला लावा."

"उद्या सुकेल, मग त्याच उचलतील."

"आत्ता."

दर्शनभाईंचा हात रेडिओवरच थांबला. "आत्ता ओला आहे, बेन. ढीग केला तर संध्याकाळपर्यंत आंबेल. मग खतालाच टाकायचा."

हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. भलत्या वेळी ढग आला की अख्खी आळी पोराबाळांसकट जवळा वाचवायला किनाऱ्यावर धावायची, ती याच भीतीने. त्या धावण्यात तीही असायची.

"भाडं आम्ही भरलंय की त्या बायांनी?" ती म्हणाली.

जवळा कोणाचा, ते तिने विचारलं नाही.

मंडळी आली तेव्हा निम्मा तलाव मोकळा झाला होता. चहाची टेबलं काठावरच मांडली होती, वर विटलेल्या छत्र्या. मुलाची आई अंगाने भरलेली, मोकळ्या गळ्याची बाई होती. खुर्चीत बसता बसता तिने खोल श्वास घेतला.

"जवळा ना हो? किती वर्षांनी असा ओला वास आला!"

"मी उचलायलाच सांगितलाय," यमुना घाईने म्हणाली.

"अय्या, कशाला?"

यमुनाने खाली पाहिलं. तलावात एक म्हातारी तिच्याकडे पाठ करून खराट्याने जवळा गोळा करत होती. वाकताना तिचा डावा हात कंबरेवर होता. तेवढ्यावरूनच यमुनाने ओळखलं. सूर्यकांतनेही ओळखलं असावं. साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो चहा ढवळत राहिला.

"आजी," मुलाच्या आईने हाक मारली, "विकतेस काय गो?"

शांती सावकाश ताठ झाली. तिने वर पाहिलं. जावई, रेशमी साडीतली नात, परकी माणसं, पोह्यांच्या बशा. मग लेक. तिचा चेहरा जराही हलला नाही.

"नाय बाय. ओला उचललाय. आता खताला जाल."

"अरेरे, एवढा माल!"

"कोनाला वास आला म्हनं."

"कुठली तू?"

"नरपडची."

"मग यांचं माहेर नरपडचंच की! चिकूच्या वाड्या आहेत यांच्या. ओळखत असशील."

शांतीने खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"वाडीवाले काय?" ती म्हणाली. "मोठी मानसं ती. आमी दर्यावरची. आमचा काय संबंध नाय."

तिने फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि भरलेल्या पाटीपाशी उभी राहिली. ओल्या जवळ्याची पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. गावात अशा वेळी बोलवावं लागत नाही. जवळ जी असेल ती येऊन हात लावते. शांती खाली पाहत थांबली.

यमुना उठली. तिने कप खाली ठेवला, पण पाऊल उचलायच्या आत हिनाने तिचं मनगट धरलं.

"आई, साडीला पाणी लागेल," ती हळूच म्हणाली. ओठांवर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं. बोटं घट्ट आवळलेली होती.

तोवर मुलाच्या आईने पदर खोचला होता. चपला काठावर ठेवून ती पायऱ्या उतरली आणि जवळा तुडवला जाऊ नये म्हणून कडेकडेने चालत पाटीपाशी गेली. "माझी आजी सातपाटीची," ती वळून हसत म्हणाली. "सुट्टीत गेले की रोज हात लावायचे मी." दोघींनी गुडघे वाकवले. पाटी एका दमात वर गेली. खारं पाणी मुलाच्या आईच्या दंडावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"सुखी रव गो बाय," शांती म्हणाली.

पलीकडच्या पायऱ्या चढून ती वाळूत उतरली. मागे वळली नाही.

मुलाची आई वर येऊन पुन्हा खुर्चीत बसली, धापा टाकत, खूश होऊन. नवऱ्याकडे आणि मुलाकडे तिने एकदा पाहिलं. दोघांनीही मान डोलावली.

"आता उगाच ताणत नाही," ती म्हणाली. "मुलगी आम्हाला पसंत आहे."

तेव्हा कुठे हिनाने आईचं मनगट सोडलं.