पप्पांना येऊ नका म्हणून सांग

दिवाळीची सुट्टी लागली, तशी संयोगिता सहा वर्षांच्या ओवीला घेऊन तासगावहून सांगलीला पिक्चर बघायला गेली. पोस्टरवर आकाशकंदील होता, फुलबाज्या होत्या आणि एक गुबगुबीत कुत्र्याचं पिल्लू होतं. लहान मुलांचाच पिक्चर असणार, असं तिला वाटलं.

मध्यंतरानंतर पडद्यावर लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. वडिलांची वाट बघत रांगोळी काढणाऱ्या पोरीसमोर लष्कराची गाडी थांबली आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी खाली उतरवली गेली. संयोगिताचा नवरा यशराज लडाखला फौजेत होता आणि दिवाळीला घरी येणार होता. तिनं ओवीला उचललं आणि ती तडक बाहेर आली.

"खोटं असतंय गं ते सगळं," जिन्यावर तिनं समजावलं.

ओवी रडत नव्हती. "आई, पप्पांना फोन लाव."

"कशाला?"

"दिवाळीला येऊ नका म्हणून सांग."

संयोगिता पायरीवर बसली आणि तिनं लेकीला कुशीत घेतलं.

वसुबारसेला यशराज सुट्टीवर आला. एसटी स्टँडवर त्याला बघताच ओवी आईच्या मागं लपली. फोनवर सगळं कळलं असल्यानं त्यानं तिला जवळ ओढलं नाही. बॅग ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं ओवी पुढं झाली आणि तिनं त्याच्या गालाला हात लावला.

"गरम हाय," ती आईला म्हणाली.