जुन्या आवाजाला अकरा मतं

वाहिनीच्या कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि तिचं काम नावाइतकंच सरळ होतं. प्रेक्षकांनी फोनवर नोंदवून ठेवलेली मतं हेडफोन लावून ऐकायची आणि चारांपैकी एका रकान्यात रेघ मारायची: 'जुनंच बरं होतं', 'नवं आवडलं', 'पाहिलं नाही, पण मत आहे' आणि 'इतर'. तिसरा रकाना तिनंच हट्टानं घालून घेतला होता, कारण अर्धी जनता त्यातच मोडायची.

पस्तीस वर्षांपूर्वीची अंतराळयानाची मालिका वाहिनीनं नव्यानं बनवली होती. जुन्या मालिकेतलं यान पुठ्ठ्याचं होतं, पण तेव्हा त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आता यान चकाचक होतं आणि नावं ठेवायला रांग लागली होती. एक गृहस्थ म्हणाले, नवा कप्तान ऊठसूट रडतो, असल्या माणसाच्या हाती मी माझी सायकलही देणार नाही. एका बाईंना परग्रहवासी फारच स्वच्छ वाटले. एका मुलीनं सांगितलं की जुनी मालिका बाबांनी जबरदस्तीनं दाखवली तेव्हा ती झोपली, आणि नवी पाहतानाही झोपली, तेव्हा तिच्या मते दोन्ही सारख्याच. जुनं ते सोनं म्हणणारे तर ढिगानं होते. त्या सोन्यातलं नेमकं काय हवंय, ते मात्र कुणी सांगत नसे.

वाहिनीच्या प्रमुखांना नेमकं तेच हवं होतं. नवी मालिका आपटली होती. दुसऱ्या पर्वात जुन्यातली एक गोष्ट, एकच, परत आणायची आणि लोक जी सगळ्यात जास्त मागतील ती आणायची, असं त्यांनी जाहीर केलं. मुदत पंधरा दिवसांची. एका माणसाचं एकच मत.

त्या दिवसापासून मोजणीबाईचा जीव टांगणीला लागला, कारण जुन्या यानाचा आवाज तिच्या आईचा होता.

जुनं यान बोलायचं. धोका आला की सांगायचं, वाट चुकली की सांगायचं, आणि शत्रूलासुद्धा 'आपण' म्हणायचं. दर भागात उड्डाणाआधी ते म्हणे, "दारं मिटत आहेत. आपण कृपया मागे वळून पाहू नये." एवढं एक वाक्य ऐकायला मुलं खेळ टाकून घरी पळत. आईचं नाव मात्र पडद्यावर कधी आलं नाही. शेवटी 'आणि इतर' अशी पाटी यायची, तिच्यात ती. मालिका संपल्यावर आईनं पंचवीस वर्षं स्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगितल्या, आणि आता ती दोन खोल्यांत गप्प बसून असे. लेक संध्याकाळी घरी आली, की हातातली पिशवी खाली ठेवू न देता विचारी, मागितला का कुणी आवाज?

कुणी मागितला नव्हता. लोकांना कप्तानाची टोपी हवी होती. यानातलं यांत्रिक कुत्रं हवं होतं, ज्याच्या पोटातून वायर लोंबायची. कुत्रं सगळ्यांत पुढे होतं, त्याला नऊ मतं पडली होती. मोजणीबाईनं घरी एकदा खोटं बोलून पाहिलं, पण आईनं ते जागीच पकडलं. आवाजात जन्म काढलेली बाई ती, तिला कोण फसवणार? आणि कचेरीत खरं बोलायची सोय नव्हती. आवाज आपल्या आईचा असं सांगितलं असतं, तर मोजणीतच खोट आहे म्हणायला चारजण तयार होते.

दहाव्या दिवशी मात्र नशीब फळफळलं. एका निवृत्त मास्तरांनी जुना आवाज मागितला. मग एका ट्रकचालकानं. मग कॉलेजातल्या पोरानं, मग किंचित तोतरं बोलणाऱ्या एका नर्सनं. दोन दिवसांत अकरा झाले. मोजणीबाईनं रेघा दोनदा मोजल्या आणि तडक प्रमुखांची खोली गाठली. प्रमुख खूश झाले. लहानपणी त्या आवाजासाठी आपण भरल्या ताटावरून उठायचो, तो आपल्या कानात कोरलेला आहे, असं सांगून त्यांनी गुरुवारी बैठक लावून टाकली. त्या संध्याकाळी तिनं घरी आकडा सांगितला तेव्हा आई नुसतं "अगंबाई" म्हणाली आणि भांडी घासायला वळली. लेकीला वाटलं, आनंद लपवते आहे.

बुधवारी दुपारी तिनं बारावा फोन ऐकला. आधी कुणीतरी घसा साफ केला. मग, "दारं मिटत आहेत. आपण कृपया मागे वळून पाहू नये." पुढे तोच आवाज म्हणाला, "हा आवाज अजून आहे. आपण विचारून पाहावं." त्याच्यामागे कुठंतरी घड्याळानं पाच ठोके दिले. फोन दीड वाजता आलेला होता. दीडला पाच ठोके देणारं घड्याळ मोजणीबाईच्या माहितीत एकच होतं, आणि ते तिच्या घरी स्वयंपाकघरात टांगलेलं होतं.

तिनं अकराही फोन पुन्हा लावले. मास्तरांच्या मागं तिच्या घरचा नळ गळत होता. नर्स बोलत असताना दोनाला अकरा ठोके पडले. आणि ट्रकचालक म्हणत होता, "आपण कृपया लक्ष घालावं." मोजणीबाईनं कपाळावर हात मारला. हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

रात्रभर तिनं विचार केला. सांगितलं तर अकराचं एक होणार. न सांगावं तर लबाडी. शेवटी तिनं मनाशी ठरवलं की मागणी खोटी असली तरी आवाज तर खरा आहे. बैठकीत बारावा फोन लावायचा. प्रमुख ऐकतील, ओळखतील, मग मोजायचं कुणाला सुचणारच नाही.

तिनं तो लावला. प्रमुखांनी डोळे मिटून ऐकला, डोळे उघडले आणि विचारलं, "ही आजी कोण?"

टेबलाभोवती थोडा हशा झाला, वाईट हेतूनं नव्हे. मोजणीबाई म्हणाली, "मला वाटतं हाच तो आवाज आहे, साहेब. परत ऐकता का?"

त्यांनी परत ऐकला, अगदी मन लावून. "नाही हो," ते हळहळून म्हणाले. "तो कसा भरदार होता. घुमायचा. ही बिचारी नक्कल करते आहे." आणि तो आवाज कसा होता ते त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं, छाती फुगवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग निर्णय झाला. अकरा लोकांचा मान राखायचा, जुना आवाज परत आणायचा. नव्या नटीकडून तो प्रमुखांनी दाखवला तसा म्हणवून घ्यायचा, घुमवायचं काम यंत्र करेल. बारावा फोन 'इतर'मध्ये टाकायचा.

ती माझी आई आहे, हे शब्द मोजणीबाईच्या ओठांपर्यंत आले होते. पण ते बोललं की अकराही जाणार, आणि आख्ख्या जगात हा आवाज एकाच माणसाला हवा होता, हे कागदावर सिद्ध होणार. तिनं शब्द गिळले आणि 'इतर'मध्ये स्वतःच्या हातानं रेघ मारली.

संध्याकाळी घरी गेली तर आईनं काहीच विचारलं नाही. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "रागावणार नसशील तर एक सांगते. ते अकरा फोन मीच केले."

"माहीत आहे," लेक म्हणाली.

आई दचकली, मग लहान मुलीसारखी हसली. ट्रकवाला कसा जमला होता, असं तिनं विचारलं. झकास जमला होता, लेकीनं सांगितलं. हसता हसता आईचा चेहरा उतरला. तिनं लेकीचं मनगट धरलं.

"बाराव्याला मात्र घोळ केला गं मी. राहवलं नाही, माझाच आवाज लावला. तिथं कुणी ओळखला असेल तर सगळ्यावर पाणी. अकराही जातील आणि तुझी नोकरीही जाईल. खरं सांग, ओळखला का कुणी?"

या बाईशी खोटं बोलून चालत नसे.

"नाही आई. कुणीच नाही ओळखला."

"सुटले बाई," आई म्हणाली आणि तिनं मनगट सोडलं. उठून पेला भरला, दोन घोट पाणी प्यायली, पेला जागेवर पालथा घातला. मग तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"कुणीच?" तिनं विचारलं.