शेंडी देवाकडं

सुयोगच्या लाथेबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, असं आमच्या लोणी भापकरात म्हणतात. कोणतं निम्मं, ते मात्र आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

सरुबाईचा हा थोरला. तिचं टोमॅटोचं रान माझ्या बांधाला लागून. पोराला राखणीला बसवलं की ते पाखरांवर हातानं दगड मारायचं नाही, पायानं ढेकूळ मारायचं. धाकटी छकुली ढेकूळ उभं करून वर एक बोट टेकवून धरायची. हा चार पावलं मागं जायचा, पळत यायचा आणि पाय असा फिरवायचा की ढेकूळ फुटायचं नाही, नुसतं निघायचं. तुम्ही-आम्ही लाथ घातली तर ढेकळाची माती होते. ह्याच्या पायाला ढेकूळ ओळखत होतं. एकदा सुप्याच्या माळावर चिंकारा हुसकायला मारलेलं ढेकूळ चालत्या बारामती गाडीच्या खिडकीतून आत गेलं आणि मोकळ्या सीटवर बसलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट माझ्याकडं होतं, उंदरानं खाल्लं.

इंदापूरला कॉलेज करून सुयोग ठिबक सिंचन शिकायला अमेरिकेला गेला. तिथं एका मैदानाच्या कडेनं चालला असताना एक चेंडू घरंगळत पायाशी आला. आता त्यांचा फुटबॉल म्हणजे नावालाच पायाचा. रेड्याएवढे गडी हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात आणि चेंडू बगलेत मारून पळतात. लाथेचं खरं काम साऱ्या संघात एकदोघांनाच. मैदानाच्या टोकाला दोन उंच पिवळे खांब असतात, बेचकीसारखे. एक गडी गुडघ्यावर बसून चेंडू टोकावर उभा धरतो, दुसरा पळत येऊन लाथ मारतो. बेचकीतून पार झाला की तीन गुण.

सुयोगला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं आपला सवयीनं चेंडू परत मारला. तो मैदान ओलांडून, बेचकीतून पार होऊन, पलीकडं उभ्या मोटारीच्या अर्ध्या काचेतून आत गेला. आत कोच सँडविच खात होता. त्यानं सँडविच टाकलं आणि चेंडू धरला.

झालं. चार वर्षं कॉलेजच्या संघात, मग पगारी संघात. लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणणारे आपल्याकडं ढिगानं पडलेत. ह्यानं लाथ मारून नोकरी काढली. तीन वर्षांत त्याचे चुकलेले चेंडू एका हाताच्या बोटांवर मावले असते. सरुबाईला एवढंच माहीत की पोरगं फुटबॉल खेळतं. तिच्या डोळ्यापुढं आपला गोल चेंडू.

मग छकुलीनं घोळ केला. आईला कौतुक दाखवावं म्हणून तिनं मोबाईलवर सुयोगची एक लाथ लावली, तीही अगदी जवळून काढलेली. सरुबाई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं पाहिलं: तपकिरी, लांबट, दोन्हीकडं निमुळतं, टोकावर उभं केलेलं, वर माणसाचं बोट. आणि पोटचं पोरगं पळत येतंय.

"अगं, ह्यो तर नारळ."

"आई, चेंडू हाय त्यो."

"मी काय नारळ बघितला न्हाय का कधी? श्रीफळाला लाथ घालतंय ह्ये कारटं. आन् तुमी टाळ्या वाजवताय."

त्या दिवसापासून तिनं पोराशी बोलणं टाकलं. फोन आला की पाठ करायची. आणि त्याच आठवड्यापासून सुयोगची लाथ वाकडी जायला लागली. पहिल्या सामन्यात एक चुकली, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तर चेंडू वाजंत्र्यांत जाऊन ढोलात शिरला. आपल्या मुकादमाचं काळीज बरं, तिथल्या कोचचं नाही. त्यानं सांगितलं, सोमवारच्या सामन्यात एक जरी लाथ चुकली तरी बॅग भर. दुसरे पाच लाथाडे आधीच दाराशी येऊन पाय चोळत उभे होते.

तिथली सोमवारची संध्याकाळ म्हणजे आपली मंगळवारची सकाळ. धारा काढून सारी आळी सरुबाईच्या पडवीत जमली. तिचा भाऊ गोकुळ निमगाव केतकीहून स्वतःचा मोठा टीव्ही पिकअपमध्ये घालून घेऊन आला होता. टीव्हीला रस्त्यात धक्का लागू नये म्हणून त्यानं तो गादीवर निजवून आणला आणि स्वतः टपावर बसून आला. सरुबाई टीव्हीकडं पाठ करून भेंडी निवडत बसली. पण कान मागं होते. माणसाचे कान मागं वळलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पूर्वार्धात सुयोगला एकच लाथ मिळाली. अंतर जवळचं. चेंडू उठला तोच तिरपा, डाव्या खांबावर ठाण्णकन आदळला आणि कसाबसा आत पडला.

"गेला आसता," गोकुळ म्हणाला.

"मेल्या, तोंड धू आधी," सरुबाई भेंडीला म्हणाली.

मध्यंतर झालं आणि छकुलीचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. सुयोगचं घामेजलेलं तोंड, मागं पांढऱ्या फरश्या.

"कुठं हायस रं?" मी विचारलं.

"संडासात, तात्या. फोनला बंदी हाय. आई कुठाय? माझं काय खरं न्हाय आज."

छकुलीनं मोबाईल आईच्या पुढं नेला. आईनं तोंड फिरवलं.

"त्याला सांग, नारळाला पाय लावणाऱ्याशी मी बोलत न्हाय."

"आई, चामड्याचा चेंडू हाय गं."

"त्याला सांग, नारळासारखा उभा करत्यात, नारळासारखं बोट टेकवत्यात, मग नारळच."

"दाव बघू," मी म्हणालो.

पोरानं चेंडू बगलेतच ठेवला होता. त्यानं तो मोबाईलपुढं फिरवला. तीन बाजू गुळगुळीत, चौथ्या बाजूला पांढऱ्या दोरीची जाडजूड शिवण.

"ही कसली शिवण?"

"लेस म्हणत्यात, तात्या. फेकताना बोटं बसायला."

"आन् तू मारताना ती कुनीकडं असती?"

सुयोगनं चेंडू उलटा करून पाहिला. "आमचा जुना धरणारा हुता, त्याचं बोट मोडलं तीन आठवड्यामागं. आता बिली म्हणून नवा हाय. घाईत जसा हातात येतो तसा टेकवतो. शिवण माझ्याकडंच असती बऱ्याचदा."

सरुबाईच्या हातातली भेंडी खाली पडली. ती गर्रकन वळली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोराच्या तोंडाकडं पाहून बोलली.

"तुझ्याकडं? शेंडी तुझ्याकडं करून ठेवतोस?"

"आई, शेंडी न्हाय, लेस."

"नारळ ठेवताना शेंडी देवाकडं करत्यात, एवढंबी शिकवलं न्हाय व्हय मी तुला? मग नेम कसा लागंल?"

"हितं देव कुठाय?"

"मग ते दोन खांब कशाला रोवल्यात एवढे उंच? शेंडी तिकडं करायला सांग त्या बिलीला. शेंडी तिकडं आसली म्हंजी लाथ न्हाय ती, वाहिलं म्हणत्यात. आन् आधी जमिनीला हात लावून पाया पड. पाय लागणारच हाय तर आधी माफी माग."

तिकडं कुणीतरी दार बडवलं. पडदा काळा झाला.

छकुली मोबाईलवर काहीतरी शोधत होती. ती हळूच म्हणाली, "तात्या, हितं लिहिलंय, शिवण खांबांकडंच करायची असती. न्हायतर चेंडू वाकडा जातो. त्यांची जुनी रीत हाय."

"आसंल," सरुबाई म्हणाली. "त्यांच्यातबी एखादं शहाणं माणूस आसंलच की."

आणि भेंडीची पाटी बाजूला सारून ती टीव्हीच्या पुढं येऊन बसली, इतकी पुढं की आम्हाला निम्माच पडदा दिसायला लागला.

उत्तरार्धात लाथेची पाळीच येईना. आपला संघ एका गुणानं मागं, मग चारनं, मग पुन्हा दोननं. शेवटी घड्याळात तीन सेकंद उरले आणि कोचनं सुयोगकडं बोट केलं. छप्पन यार्ड. म्हणजे सरुबाईच्या उंबऱ्यापासून माझ्या विहिरीच्या पलीकडं, आणि वरून दोन मजले उंच.

सुयोग मैदानात आला. बिली गुडघ्यावर बसला. समोर अकरा रेडे खुरं घासत उभे. आणि हा पठ्ठ्या वाकला, चेंडू टेकवायच्या जागी गवताला हात लावला आणि कपाळाला लावला.

"येळ संपतोय," छकुली म्हणाली. तिथं लाथ मारायलाही मुदत असते, ती चुकली की चेंडू आणखी मागं न्यावा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात सहा. पाच. कोच दोन्ही हातांनी डोकं धरून नाचत होता. सुयोगनं दुसऱ्यांदा हात लावला.

"एकदा बास हाय रं," सरुबाई म्हणाली.

तीन. सुयोग मागं सरकला. दोन. पुढच्या गड्यानं पायांमधून चेंडू मागं फेकला. बिलीनं झेलला, टेकवला, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, शिवण सुयोगकडं होती. बिलीनं बोटानं चेंडू असा गर्रकन फिरवला की जणू त्याच्या सात पिढ्या गुरव होत्या. शेंडी खांबांकडं.

पाय फिरला.

आवाज मी सांगतो तुम्हाला, टीव्हीतून नाही आला, सात समुद्रांवरून सरळ आला. चेंडू रेड्यांच्या हातांवरून गेला, दिव्यांच्या वर गेला, बेचकीच्या बरोबर मधून गेला आणि मागच्या जाळीवरून, प्रेक्षकांवरून, मैदानाच्या भिंतीवरून गेला. खाली आलेला कॅमेऱ्यानं दाखवला नाही, आणि मीही पाहिलेला नाही.

पडवीत कुणी कुणाला मिठी मारली ते विचारू नका. गोकुळनं त्याच्या टीव्हीला मारली.

तासाभरानं फोन आला. ह्या वेळी फरश्या नव्हत्या, उजेड होता, आणि सुयोगच्या खांद्यावर हात टाकून तांबूस केसांचा बिली उभा होता.

"आई, ऱ्हायलो मी. कोचनं त्या पाच जणांना घरी धाडलं."

"बरं झालं," सरुबाई म्हणाली. डोळे पुसून झाल्यावर तिनं मोबाईल जवळ ओढला. "त्या गड्याला म्होरं कर."

"त्याला मराठी येत न्हाय गं."

"छकुली सांगंल. म्हणावं, शेंडी चांगली फिरवलीस. पण तू डाव्या हातानं धरतोस. देवाचं काम डाव्या हातानं करत न्हाईत."

छकुलीनं इंग्रजीत सांगितलं. बिलीनं आपला डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला, मग तो पाठीमागं नेला. उजव्या हाताचं एक बोट त्यानं हवेत टेकवलं, अदृश्य चेंडूवर ठेवावं तसं, आणि बरोबर का, म्हणून सरुबाईकडं पाहत राहिला.