पंपावरची नदी

सकाळी सकाळी माझी थोरली जाऊ दारात उभी राहिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, आज तरी माणसासारखं वागा."

आमच्या ह्यांनी चहाचा कप तोंडाला लावला तो खाली आणलाच नाही. अडचणीचा प्रश्न आला की ह्यांचा चहा संपत नाही.

"करू काय म्हणता वहिनी?"

"तपासणीचा साहेब पुलावर आला की अर्धा तास पंप बंद ठेवा."

"आणि नोकरी?"

"नोकरी कवटाळून बसा. आम्ही वर घसा कोरडा करून बसतो."

जाऊबाई राहतात वरच्या वस्तीत, डोंगराच्या अंगावर. घरामागे त्यांचा झरा होता, ऐन उन्हाळ्यात हंडा भरायचा. मग खाणवाल्यांनी डोंगर आतून पोखरला, कोळसा काढला. वरची जमीन खचली, कातळाला भेग गेली आणि झरा त्या भेगेतून थेट खाणीत उतरला. खाणीत पाणी चालत नाही, म्हणून ते पंपाने उपसून खाली नदीत सोडतात. तो पंप चालवतात आमचे हे. जाऊबाईंचं पाणी रोज धाकट्या दिराच्या हातून वाहून जातं आणि त्या टँकरची वाट बघतात.

नदीचं स्वतःचं पाणी कधीच आटलं. वरचे झरेच गेले तर ती वाहणार कशावर? पंप चालू तर नदी चालू. रविवारी खाण बंद, की नदीलाही सुट्टी. गावच्या पुढाऱ्यांना विचाराल तर ते छाती फुगवून सांगतील, "बघा, उन्हाळ्यातही वाहते!" ते तांबूस, गंजकट पाणी आमची म्हैस हुंगते आणि तोंड फिरवते. पुढाऱ्यांपेक्षा तिला जास्त कळतं.

आज तपासणीचा साहेब नदी मोजणार होता. पाणी भरपूर दिसलं, तर खाणीमुळे नुकसान नाही असं लिहून जाणार आणि वरच्या वस्तीचा टँकर बंद होणार.

"मला नाही जमायचं," हे शेवटी म्हणाले. "मागे मी पंप चालू ठेवून जरा लघवीला गेलो तर मोटार जळली. मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर रंगवून घेतलंय, माणूस नसताना पंप चालू ठेवू नये. मी नियमानं वागणारा माणूस आहे."

"माणूस कसले, मॅनेजरच्या खिशातला रुमाल आहात," जाऊबाई म्हणाल्या आणि पुलाकडे चालू लागल्या. मला नवऱ्याची लाज वाटली. मीही त्यांच्या मागे निघाले.

पुलाजवळ मांडव घातला होता. मॅनेजर गमबूट घालून आला होता, पण पाण्यापासून चांगला लांब बसला होता. मोजमाप नंतर, आधी भाषण. आमच्या नदीत आमचंच पाणी सोडल्याबद्दल आम्ही किती उपकार मानावेत ते तो सांगत होता आणि पुढारी टाळ्या पिटत होते. बोलता बोलता त्याला चेव चढला.

"ही नदी ज्याच्या हातून वाहते, तो याच गावचा माणूस आहे! आणा रे त्याला!"

जीप गेली आणि आमच्या ह्यांना घेऊन आली. नवरदेवासारखे लाजत ते मॅनेजरच्या शेजारच्या खुर्चीत बसले. जाऊबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. भाषण पुढे चालू झालं.

जरा वेळाने काठाचे दगड उघडे पडले. मग मधले. मग नुसता तांबडा चिखल उरला. मासे तडफडले नाहीत, कारण मासे उरलेच नव्हते.

साहेब उठून उभा राहिला. "पाणी कुठे गेलं?"

"ऊन फार आहे ना, साहेब," पुढारी म्हणाले.

मॅनेजरचा चेहरा उतरला. तो ह्यांच्याकडे वळला. "पंप?"

"बंद केला, साहेब," हे ताठ उभे राहून म्हणाले. "माणूस नसताना चालू ठेवायचा नाही ना. भिंतीवरच लिहिलंय."

"म्हणजे पंप बंद केला की नदी बंद होते?" तपासणीच्या साहेबाने विचारलं.

एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला विचारलं म्हणून आमचे हे नुसते फुलले. "होय साहेब! रविवारी तर दिवसभर कोरडीच असते."

"पळ! चालू कर आधी!" मॅनेजर ओरडला.

"राहू दे बंद," साहेब म्हणाला. मोजायची काठी घेऊन तो खाली उतरला आणि कोरड्या दगडांवर ती टेकवली. काय दिसलं ते त्याने तिथेच लिहून घेतलं.

झरा काही परत येणार नाही, तो गेलाच. पण टँकर सुरू राहिला. संध्याकाळी मॅनेजरच्या शिव्या खाऊन हे घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. जाऊबाई आल्या तेव्हा ह्यांनी मानही वर केली नाही.

"वहिनी, खरं सांगतो, मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या. "मुद्दाम करायचं असतं तर बटणाकडे तुमचा हातच गेला नसता."