सातवा नळ

महिपतराव सुर्व्यांनी स्वतःच्या सत्काराच्या बातमीच्या प्रुफातला ‘अभूतपूर्व’ हा शब्द खोडला, त्याच्या जागी ‘मोठ्या’ असं लिहिलं, जरा वेळ त्याकडे पाहिलं आणि मग ‘अभूतपूर्व’च्या खाली टिंबं देऊन तो पुन्हा कायम केला. सत्कार शनिवारी संध्याकाळी व्हायचा होता. आज गुरुवार होता.

यात वावगं असं त्यांना काही वाटत नव्हतं. साप्ताहिक ‘खाडीपट्टा’वर तारीख शनिवारची असे, पण अंक शुक्रवारी छापून रातराणी एसटीनं मुंबईला धाडावा लागे. परळ-लालबागच्या चाकरमान्यांना गावचे शनिवारचे समारंभ शनिवारी सकाळीच वाचायला मिळत, ते या युक्तीमुळे. सव्वीस वर्षं त्याचे संपादक महिपतराव होणाऱ्या गोष्टी झाल्या म्हणून छापत आले होते, आणि गोष्टीही बिचाऱ्या निमूटपणे तशाच होत आल्या होत्या. वेगळं होणार तरी काय? पाहुणे तेच, हार तेच, आभार मानणारेही तेच. एकदा कबड्डीचा अंतिम सामना अवकाळी पावसानं रद्द झाला आणि अंकात मात्र मिरकरवाड्याचा संघ चार गुणांनी जिंकला. मिरकरवाडेकरांनी तक्रार केली नाही. गावात गमतीनं म्हणत, देव विसरला तरी दादा छापून घडवतात.

आताचा सत्कार नागरिक मंडळाचे अध्यक्ष म्हणून होता. शहराबाहेरच्या कातळकोंड गावाच्या सात वाड्यांना सात नळ मिळाले ते महिपतरावांच्या खटपटीमुळे, हे सगळ्यांना मान्य होतं. मानपत्रात त्यांना ‘जलदाते’ म्हटलं होतं. तो शब्द त्यांनी खोडायलाही घेतला नव्हता.

“येऊ का, दादा?”

दारात प्रेमला तांबे उभी होती. कातळकोंडच्या बौद्धवाडीत राहणारी, गावच्याच प्राथमिक शाळेतली शिक्षिका. खांद्याला कापडी पिशवी, पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ.

“या बाई, बसा. शाळा लवकर सुटली?”

“अर्धी रजा टाकून आल्येय.”

तिनं पिशवीतून वहीचा कागद काढून टेबलावर ठेवला. शाळेच्या फळ्यावर असतं तसं वळणदार अक्षर होतं. महिपतरावांनी चार ओळी वाचल्या आणि वाक्यं आपलीच आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. चौदा महिन्यांपूर्वीची, नळांच्या उद्‌घाटनाची बातमी. ‘शेवटी बौद्धवाडीतील सातव्या नळाला धो धो पाणी आले. सुवासिनींनी नळाची पूजा करून नारळ वाढवला. त्यांच्या डोळ्यांतील आनंदाश्रू पाहून उपस्थितांनाही गहिवरून आले.’

“पाणी खात्याच्या कचेरीतल्या फायलीत तुमचं कात्रण लावलंय. कारकुनानं द्यायला नाय सांगितलं, म्हणून उतरवून घेतलं,” ती म्हणाली.

“बरं, मग?”

“आमच्यात नळाला कोण नारळ वाढवत नाय, दादा. पण ते असू दे. पाणी आलंच नाय.”

महिपतरावांना तो दिवस आठवला. त्या दिवशी पाहुण्यांनी वरच्या वाडीतला पहिला नळ फिरवला होता, टाळ्या झाल्या होत्या, पोहे झाले होते आणि गाड्या परत फिरल्या होत्या. अंक आदल्या रात्रीच मुंबईला गेला होता.

“नळ उभा हाय,” प्रेमला सांगू लागली. “पाइप वहाळाच्या अलीकडच्या काठाला संपलाय. अर्ज केला की ते फाईल उघडतात नि हे कात्रण दाखवतात. म्हणतात, पाणी आलंय, पेपरात हाय. तुमच्या बायका रडल्या पण होत्या म्हणतात.”

“मला कळवायचं होतं तेव्हाच.”

“दोनदा पत्र टाकलं.”

पत्रं आली होती. वाडी-वाडीतलं भांडण असेल म्हणून त्यांनी ती तारेला अडकवून ठेवली होती. ती तार त्यांच्या डोक्यामागेच होती. त्यांनी मान वळवली नाही.

“मंगळवारी साहेब येतायत, अर्धवट कामांची यादी करायला,” ती म्हणाली. “यादीत आलं नाय तर काम पुरं झालं म्हणून योजना बंद. मग पुन्हा कोण विचारणार नाय. आई माझी सत्तरीची हाय, अजून हंडा घेऊन वहाळातल्या झऱ्यावर उतरते. पुढच्या महिन्यात झरापण आटेल.”

“मी साहेबांना आत्ता फोन करतो.”

“फोन फायलीला लागत नाय, दादा.”

“मग पुढच्या अंकात सविस्तर—”

“तो मंगळवारच्या नंतर येतो.”

महिपतरावांना राग आला. सत्काराच्या तोंडावरच हिला सुचावं, हा पहिला राग. ती एक शब्दही चढ्या आवाजात बोलत नाही, हा दुसरा. तिसरा कुणावर होता हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि तोच जास्त झोंबत होता. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. वर्षानुवर्षं अग्रलेख एका बैठकीत उतरवणाऱ्या माणसाला दहा ओळींना अर्धा तास लागला. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला. संपादकाचा मजकूर छापण्याआधी बाहेरच्या माणसानं वाचण्याची ही पहिलीच वेळ होती.

‘वरील वृत्त प्रत्यक्ष समारंभापूर्वीच छापले गेले होते,’ इथपर्यंत ती सावकाश वाचत आली. तिनं मान हलवली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“‘मंडळाने तातडीने दखल घेतली व काम सुरू झाले.’ कधी सुरू झालं?”

“होईल ना. मंगळवारी साहेब आले की होणारच.”

तिनं कागद फिरवून त्यांच्याकडं केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. महिपतरावांनी पेन उघडलं. आधीच्या नऊ ओळींत आपण खोटं छापल्याची कबुली होती, ती त्यांनी दिली होती. ही एक ओळ खोडायला मात्र हात धजेना. अखेर त्यांनी ती खोडली आणि आत हाक मारली.

छपाईचे खिळे जुळवणारा लवू बाहेर आला. ‘खाडीपट्टा’च्या पहिल्या अंकापासून तो तिथं होता.

“ह्यां पयल्या पानावर?” कागद वाचून तो म्हणाला. “जागा कुटं हाय, दादा?”

“सत्काराची बातमी काढ.”

“मग ती कदी घालू?”

“सत्कार झाला की.”

लवूनं एकदा त्यांच्याकडं, एकदा बाईंकडं पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून तो आत गेला. सुटे केलेले शिशाचे खिळे पेटीतल्या आपापल्या खणांत पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

शनिवारी दुपारी मंडळाचे चिटणीस बाबाजी शेट्ये घाईघाईनं येऊन गेले. प्रमुख पाहुण्यांना एकाएकी पडसं झालं होतं. समारंभ पुढं ढकलला होता, तारीख मागाहून कळवण्यात येईल. आणलेले हार देवळात दिले, हेही त्यांनी सांगितलं. अंकाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. महिपतरावांनी त्यांना चहा पाजला आणि पडशावर आल्याचा काढा सुचवला.

मंगळवारी साहेबांची जीप कातळकोंडच्या शाळेपाशी थांबली. महिपतराव आधीच येऊन सावलीत उभे होते. प्रेमला वर्गाच्या दारात होती. साहेबांनी बॉनेटवर फाईल उघडली. एकाच साप्ताहिकाची दोन कात्रणं, एक पिवळं पडलेलं, एक ताजं.

“सुर्वेसाहेब, यातलं खरं कुठलं धरू?” साहेब हसून म्हणाले. “पहिल्यात तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलंय. नारळ काय, आनंदाश्रू काय. दुसऱ्यात म्हणता, ते आधीच छापलं होतं. मग हेही कशावरून आधीच छापलेलं नाही?”

“नळ दाखवतो. चला.”

“जीप जाईल?”

“चालत जाऊ,” महिपतराव म्हणाले आणि छत्री उघडून पुढं निघाले.

सड्याच्या उघड्या माळावर ऊन कातळातून वर येत होतं. साहेब मागं, त्यांच्या मागं प्रेमला. पावलागणिक वाट अरुंद होत गेली. काजूच्या दोन झाडांपाशी तिला फाटे फुटले. एक खाली उतरत होता, एक सड्याच्या कडेनं जात होता.

महिपतराव थांबले. त्यांनी खाली पाहिलं, मग कडेच्या वाटेकडं पाहिलं. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“कुणीकडं?” मागून साहेबांनी विचारलं.

प्रेमला दोन पावलांवर उभी होती आणि तिला वाट ठाऊक होती.

“ठाऊक नाही,” महिपतराव म्हणाले. “मी कधी आलो नाही इथं.”

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग काखेतली फाईल उघडून पिवळं कात्रण टाचणीतून काढलं, घडी करून खिशात घातलं.

“बाई, तुम्ही पुढं व्हा,” ते म्हणाले.

महिपतराव वाटेतून बाजूला झाले. प्रेमला पुढं आली आणि खालच्या वाटेनं उतरू लागली. तिच्यामागून साहेब गेले. महिपतरावांनी छत्री मिटली आणि दोघांच्या मागून चालू लागले.