सासूबाई जेवत होत्या

माझा धाकटा दीर त्वान तोंडाने साखर पेरतो आणि डोक्यात फक्त धंदा ठेवतो, हे मला या घरात आले तेव्हाच कळलं होतं. पण हा माणूस सख्ख्या आईचं वर्षश्राद्ध विकायला काढेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

सकाळपासून मी खालच्या स्वयंपाकघरात घामाघूम होत होते. कोंबडी उकडून झाली होती, बांबूच्या कोंबांचं सार चुलीवर होतं, आणि मी कढईत रोल तळायला घेतले होते. तेवढ्यात गल्लीतून त्वानचा आवाज आला. त्याच्या मागे चार गोरे, घामाने लालबुंद झालेले. एकाच्या हातात काठीला लावलेला फोन.

"वहिनी, पाहुणे आणलेत!"

"कुणाचे?"

"माझेच. टूरवरचे. हनोईच्या खऱ्या घरातलं खरं जेवण, असं कबूल केलंय मी त्यांना. तुम्ही आज एवढं रांधलंयच, म्हटलं चार पानं जास्त."

"भाऊजी, आज आईचं वर्षश्राद्ध आहे. शुद्धीवर आहात ना?"

"म्हणून तर आणलं! असलं हॉटेलात बघायला मिळतंय का त्यांना?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आमचा बाख म्हणजे मूग गिळून बसण्यात पटाईत. मोरीपाशी बसून तो पालेभाजी धूत होता, आणि धुतलेलीच पुन्हा धुवायला लागला.

"अहो, तुमचा भाऊ काय म्हणतोय ऐकलंत का?"

"येऊ दे गं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं?"

हे मात्र खरं होतं. सासूबाईंनीही पाठवलं नसतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी जन्मभर गोगलगायींच्या शेवया विकल्या. कुणा परदेशी माणसाला शंखातून गोगलगाय काढता आली नाही, तर त्याचा हात धरून शिकवायच्या आणि पोट धरून हसायच्या. तेव्हा मी राग गिळला आणि म्हटलं, बसा वर जाऊन.

आमच्याकडे पितरांचं स्थान सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. एवढ्या अरुंद जिन्यावरून ताट चढवताना कंबर मोडते. तरी मी सगळं मांडलं: कोंबडी, सार, चिकट भात, रोल, आणि वाटीभर गोगलगायींच्या शेवया. बाखने मोठा मुलगा म्हणून तीन उदबत्त्या लावल्या. आता त्या जळून संपेपर्यंत सासूबाई जेवणार आणि बाकीच्यांनी हात आवरून बसायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते चार गोरेसुद्धा हात जोडून उभे राहिले, खोटं कशाला बोलू. सासरे भिंतीला टेकून चटईवर बसले होते. उरलेले रोल तळायला मी खाली गेले.

परत आले तर वर पंगत बसलेली! त्वान वाट्या वाटत होता. कोंबडी ताटातून उतरली होती आणि एका गोऱ्या बाईच्या जेवायच्या काड्यांत रोलही अडकला होता.

"इतक्यात झालं?" मी विचारलं.

"झालं ना. बघा, उदबत्त्या संपल्या."

संपल्या होत्या खऱ्या. पण रोल तळायला असा कितीसा वेळ लागतो? मी जवळ जाऊन पाहिलं. खाली राख जेमतेम चिमूटभर. गॅलरीतून उदबत्तीचा वास येत होता म्हणून तिकडे गेले, तर संत्र्याच्या कुंडीत तीन लांबलचक तुकडे धुमसत पडलेले. या शहाण्याने उदबत्त्या बुडापाशी मोडल्या होत्या आणि खालची थोटकं पेटवून ठेवली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी! आईच्या पुढ्यातलं ताट ओढलंत तुम्ही?"

"हळू बोला, वहिनी. यांना पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ बघायला जायचंय. तिकिटं काढलीत. तासभर कोण थांबणार?"

"तुमची आई जेवतेय!"

"आई गेली, वहिनी. तिला काय कळतंय?"

"मग या लोकांना कशाला आणलंत? मेलेल्या बाईची रिकामी खोली दाखवायला? लाज कशी वाटत नाही तुम्हाला!"

ते चौघे खाली मान घालून बसले. बाख जिन्यात उभा होता, ना वर ना खाली. मला वाटलं, आता सासरे तरी बोलतील. बोलले, आणि बोलले ते काय!

"सूनबाई, वाढ सगळ्यांना," ते अगदी शांतपणे म्हणाले. "उगाच तमाशा नको. तिला सवय होती. आम्हा सगळ्यांचं झाल्यावरच ती जेवायची. कधी चकार शब्द काढला नाही तिने."

एवढं आयुष्य जिच्या हातचं खाल्लं, तिच्याबद्दल हे? त्वानला सोडून मी आता सासऱ्यांकडेच वळले.

"सवय होती की तुम्ही लावलीत, बाबा?" मी म्हणाले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुम्ही तर मेल्यावरही जाऊ देत नाही! वर्षातला एक दिवस, एकच, तिचं ताट पहिलं. तोसुद्धा डोळ्यांत खुपतो तुमच्या?"

"मिएन, तोंड आवर," बाख जिन्यातून पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा. गप्प बसायची तुम्हाला चांगली सवय आहे."

मी कोंबडी उचलून परत ताटात ठेवली. पुडा फोडून तीन नव्या उदबत्त्या काढल्या, पेटवल्या, आणि त्यांच्यासमोर फतकल मारून बसले. म्हटलं, आता मोडून दाखवा. त्या गोऱ्या बाईने काहीतरी विचारलं. त्वानने तिला काय थाप मारली देव जाणे. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ सांगितलं, "आई जेवते. थांबा." ती कानापर्यंत लाल झाली. काड्यांतला रोल तिने दोन्ही हातांनी हळूच ताटात ठेवला आणि वाकली. तिच्यावर माझा राग नव्हताच.

त्वानने मात्र आदळआपट केली. धंदा बुडवलात, नाव घालवलंत, लोक काय लिहितील, उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी पाहुण्यांना घेऊन तो बाहुल्या बघायला निघून गेला. आईला नमस्कार करायचंही त्याला सुचलं नाही.

मग आम्ही तिघंच उरलो. उदबत्त्या जळत होत्या. साराची वाफ गेली, वर चरबीचा पांढरा थर धरला. सासऱ्यांना भूक लागली होती. ते खाकरले, कुशीवर वळले, पुन्हा बसले.

"झालं का गं?"

"जेवतायत अजून."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

शेवटची राख पडली तेव्हा मी नमस्कार केला आणि ताट उतरवलं. बाख पुढे झाला. "दे, गरम करून आणतो."

"नको. असंच जेवायचं."

सासऱ्यांपुढे मी वाटी ठेवली. त्यांनी साराचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पार गार झालंय हे."

"हो," मी म्हणाले. "आई रोज असंच जेवायच्या."

वाटी खाली ठेवावी की हातात धरावी, हे त्यांना कळेना. मी पळी घेतली आणि त्यांच्या वाटीत आणखी सार वाढलं, गारच.